हसऱ्या तोंडाची शिकवणी

शांत कसं राहावं हे ज्या बाईंनी मला शिकवलं, त्यांच्याइतका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कुणीही आणला नाही. माझ्या सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि त्यांनी प्रयत्न बरेच केले होते.

बाई म्हणजे गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेतल्या निवृत्त पी.टी.च्या शिक्षिका. उंच, काटक, केसांचा बॉयकट आणि गळ्यात शिट्टी. शाळा सुटून कितीतरी वर्षं झाली होती, शिट्टी सुटली नव्हती. गॅलरीत कबुतर बसलं की शिट्टी, समोरच्यांचा नातू कठड्यावर वाकला की शिट्टी, दूध उतू जायला लागलं की स्वतःलाच शिट्टी. वाडीतल्या लोकांना सवय झाली होती. मला शेवटपर्यंत झाली नाही. प्रत्येक शिट्टीला मी जागच्या जागी उडायची आणि बाई म्हणायच्या, "बघ, दचकलीस. दचकणाऱ्या बाईला कोण मुकुट घालणार?"

मुकुटाची भानगड अशी. विवाहित बायकांच्या एका सौंदर्यस्पर्धेची जाहिरात आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आली. मी फोर्टमध्ये एका विमा कंपनीत क्लेमचं काम बघते, म्हणजे दिवसभर लोकांचे अपघात वाचते. वय छत्तीस, राहायला लालबागला. ग्रुपवर सगळ्यांनी हसायच्या इमोजी टाकल्या आणि मी घरी येऊन गुपचूप फॉर्म भरला. पहिल्या फेरीत निवडही झाली. मग घाबरगुंडी उडाली. चालायचं कसं, बोलायचं काय, आणि मुख्य म्हणजे या सगळ्यात हातपाय थरथरू न देता हसायचं कसं. अंधेरीला असले क्लास असतात म्हणे, पण ऑफिस सुटल्यावर अंधेरी गाठून परत लालबागला यायचं तर मुलाला जेवण सासूबाईंनी द्यायचं, आणि मग त्याचं पारायण वर्षभर ऐकायचं. तेवढ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं की तिच्या वाडीत एक बाई आहेत, त्यांनी भाचीला तयार केलं होतं आणि ती अशाच कुठल्याशा स्पर्धेत दुसरी आली. त्यात भाचीचा हात किती आणि बाईंचा किती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पहिल्या दिवशी मी नव्या कोऱ्या हाय हील्स घालून दुसरा मजला चढले. बाईंनी दार उघडलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चपला बाहेर."

"बाई, यातच चालायची प्रॅक्टिस करायची आहे."

"घरात? चपला घालून?" त्यांचा चेहरा असा झाला की मी निमूटपणे त्या काढल्या. आत भिंतीवर एक मोठा आरसा होता, त्यावर पंचा टाकलेला. मला वाटलं धुतलेला पंचा वाळत घातलाय, म्हणून मी तो बाजूला केला. लगेच शिट्टी. आरशात बघायचं नाही हा म्हणे त्यांच्या शिकवणीचा पहिला नियम. "आरसा बघणारी बाई हसते आणि लगेच हसू कसं दिसतंय ते तपासते. तपासलेलं हसू शिळं होतं." सौंदर्यस्पर्धेची तयारी आरसा झाकून करायची, हे ऐकून मी त्याच दिवशी परत फिरायला हवं होतं.

हील्सचा प्रश्न त्यांनी सोडवला तो असा की चालण्याचा सराव गॅलरीत. चाळीची सामाईक गॅलरी. एका बाजूला वाळत घातलेल्या चादरी, दुसऱ्या बाजूला दारोदार बसून लसूण सोलणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या बायका. त्यांच्यामधून मी हील्स घालून, हात कमरेवर ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "पोट आत, नजर समोर, तोंडावर हसू. हसू म्हटलंय मी, दात म्हटलं नाही." शेजारच्या काकू मला थांबवून विचारायच्या, "जाताजाता तेवढी आमची चादर उलटी करशील का गं?" मी बाईंकडे बघायची. बाई म्हणायच्या, "कर की. राणीने चादर उलटली तर काय राणीपण जातं?" मी चादर उलटायची, मनातल्या मनात बाईंचा उद्धार करायची, आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागायची.

त्यांची शिकवणी घरापुरती असती तरी चाललं असतं. त्यांचे फोन यायचे. कधीही. मी साहेबांसमोर उभी असायची, एखाद्या अडकलेल्या क्लेमवरून ते माझ्यावर तोफ डागत असायचे, आणि फोन थरथरायचा. उचलला नाही तर पुन्हा. शेवटी कोपऱ्यात जाऊन उचलायची, तर पलीकडून दोनच शब्द: "तोंड कसंय?"

"बाई, मी कामात आहे."

"ते नाही विचारलं. तोंड कसंय?"

खोटं बोलून चालायचं नाही, आवाजावरून त्यांना कळायचं. "वाईट आहे," मी दात खात म्हणायची.

"मग आधी पाणी पी. मग बस. आणि गप्प राहा. राग आला की पाणी, खुर्ची, मौन. एवढं जमलं की झालं." फोन बंद. मला कधी राग येतो हे त्यांना नेमकं कसं कळायचं, असं कुणी विचारेल. त्यांना काही कळायचं नाही. त्यांचा फोन आला की मला राग यायचा, एवढंच.

फी त्या घेत नसत, बाजार मागत. शनिवारी सकाळी मला मासळीबाजारात पाठवायच्या आणि स्वतः दोन पावलं मागे उभ्या राहायच्या. अट अशी की भाव करताना कपाळाला आठी पडता कामा नये. "मासळीवालीसमोर ज्या बाईचं हसू टिकलं, तिचं कुठेही टिकतं." ज्यांनी गिरगावातल्या मासळीवाल्यांशी कधी भाव केलेला नाही त्यांना हे सोपं वाटेल. मी हसऱ्या तोंडाने पापलेट उलटसुलट करून बघत होते, तर समोरची मावशी म्हणाली, "घ्यायचं तर घे, नायतर सरक. आणि हसतेस काय मगासपासून? मासा खराब वाटतो का तुला?" मी म्हटलं, नाही हो, सहज. ती म्हणाली, "सहज कोण हसतं? डोक्यावर परिणाम झालाय?" बाई मागून समाधानाने मान हलवत होत्या. माझं हसू टिकलं, पापलेट मात्र दुप्पट भावाने आलं. ते बाईंकडे गेलं, सोबत बोंबील आणि मांदेलीही गेली. बाईंचे गुडघे दुखायचे आणि पिशवी घेऊन दोन मजले चढणं त्यांना होत नसे, त्यामुळे या शिकवणीत शास्त्र किती आणि कालवणाची सोय किती, याचा मला आजही संशय आहे.

पण सगळ्यात जास्त डोक्यात गेला तो स्तुतीचा नियम. बाईंचं म्हणणं, स्पर्धेत माणूस अशांत होतो ते दुसऱ्यांकडे चोरून बघून. म्हणून उघड बघायचं, जे चांगलं दिसेल ते मनापासून मान्य करायचं आणि त्या बाईला तोंडावर सांगायचं. रोज एकीला. आमच्या स्पर्धेत घोडपदेवची एक मुलगी होती, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, दिसायला अशी की बघत राहावं. तिची मला मनापासून धास्ती होती. बाई म्हणाल्या, "मग तिच्यापासूनच सुरुवात कर." मी घरी जाऊन तिला मेसेज केला: तुझी मान फार सुंदर आहे, तुझ्यावरून नजर हटत नाही.

ती मुलगी स्पर्धेच्या पुढच्या तालमीला कानामागे काजळाची तीट लावून आली. मेकअपच्या पेटीला लिंबू-मिरची टांगलेली. माझ्यापासून लांब उभी राहिली, आणि मी जवळ गेले तशी पदर मानेवर ओढून घेतला. तिच्या आईने मीठ-मोहरी ओवाळून टाकल्याचंही नंतर कळलं. सगळ्या बायकांत मी नजर लावणारी बाई म्हणून प्रसिद्ध झाले. माझ्याशी बोलताना जी ती दृष्ट लागू नये म्हणून अंगठा मुठीत दाबून धरायची. मी तणतणत बाईंकडे गेले. बाई मांदेली साफ करत होत्या. म्हणाल्या, "मेसेज कशाला केलास? तोंडावर सांग म्हटलं होतं ना? जा तिच्या घरी." आणि मी खरोखर गेले. घोडपदेवच्या त्या खोलीत तिच्या आईसमोर बसून मी काय नि कसं समजावलं ते देवाला माहीत, पण आईंनी माझी दृष्ट काढली, चहा दिला, आणि नंतर ती मुलगी मला ताई म्हणायला लागली. याचं श्रेय बाईंनी घेतलं, हे सांगायला नको.

त्यांच्या स्वतःच्या शांतपणाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नव्हती. एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत उभं राहायचा सराव करत होते आणि छताच्या प्लास्टरचा मोठा तुकडा आमच्या दोघींच्या मधोमध येऊन आदळला. मी किंचाळले. शेजारीपाजारी धावत आले. बाईंनी डोक्यावरची धूळ झटकली, केरसुणी आणली, सगळं गोळा केलं आणि म्हणाल्या, "चला. डावा पाय पुढे." शेजारच्या काकूंनी मला हळूच सांगितलं की पेन्शन अडली तेव्हाही त्या अशाच होत्या आणि नवरा गेला तेव्हाही अशाच. आता ती चाळ पुनर्विकासाला गेली आहे, बाई भाचीकडे बदलापूरला राहतात, आणि सोसायटीने तिथे शिट्टीला बंदी केली आहे असं ऐकते.

आता मी हे सगळं का सोसलं, तेही सांगते. एकदा बाईंनी मला प्रश्नोत्तरांचा सराव दिला. पहिला प्रश्न, "मुकुट कशाला हवा?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं: महिलांचं सक्षमीकरण, समाजाला संदेश. त्यांनी शिट्टी वाजवली. मी म्हटलं, आत्मविश्वास वाढवायला. शिट्टी. मुलापुढे आदर्श ठेवायला. शिट्टी. शेवटी माझा बांध फुटला आणि मी खरं काय ते सांगून टाकलं.

माझं माहेर माझगावचं. लग्नाच्या वयात मला पाच वर्षं मुलं बघायला येत होती. मुलगी हुशार आहे, नोकरी चांगली आहे, स्वभाव छान आहे, पण जरा सावळी आहे. दर वेळी तेच. कुणी निरोप पाठवायचे, कुणी बैठकीतच बोलायचे. एका मुलाच्या आत्याने माझा हात उजेडात धरून रंग पाहिला होता. नवरा भेटला तो ऑफिसमुळे. चांगला माणूस आहे, पण तो मलाही 'मस्त' म्हणतो आणि मिसळीलाही. मी सुंदर आहे असं मला तोवर कुणी म्हटलेलं नव्हतं. ते कुणीतरी एकदा, चारचौघांत, माईकवर म्हणावं असं मला वाटत होतं. तेवढ्यासाठी फॉर्म भरला होता. पहिला नंबर नाही तर नाही, पण शेवटच्या पाचांत तरी नाव घ्यावं, बस.

मला वाटलं बाई जवळ घेतील, निदान काही बोलतील. त्या उठून आत गेल्या. बराच वेळ तव्याचा आवाज येत राहिला. मग ताटलीत तळलेले बोंबील घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खा. उपाशी पोटी नीट हसता येत नाही." मला इतका राग आला की मी एकही बोंबील शिल्लक ठेवला नाही.

अंतिम फेरी रविवारी दुपारी दादरच्या एका सभागृहात होती. बाई चक्क इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या आणि तिसऱ्या रांगेत माझ्या नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. नऊवारीची फेरी झाली. घोडपदेवच्या मुलीचा काष्टा मी नीट करून दिला, तिने माझी नथ बसवली. विंगेत बाकीच्या बायका पाण्याचे घोट घेत होत्या, एक रडत होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी शांत आहे. नाटक नव्हतं ते. आत खरोखरच काही हलत नव्हतं. गॅलरीतल्या चादरी, मावशीचं पापलेट, साहेबांसमोरचे ते फोन, यानंतर मला या सभागृहाची भीती वाटावी असं काही उरलंच नव्हतं. त्या वेळी मला बाईंबद्दल पहिल्यांदाच कृतज्ञता वाटली. ती फार टिकली नाही.

मी प्रश्नाचं उत्तर दिलं, चांगलं दिलं, टाळ्या पडल्या. परीक्षकांत एक गृहस्थ होते, स्पर्धेचे प्रायोजक, त्वचेचे दवाखाने चालवणारे. त्यांनी माईक घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, फीचर्स अप्रतिम, बोलणं अप्रतिम. फक्त स्किन टोन थोडा वर आणला असतात ना, तर आज मुकुट तुमचाच होता. या आमच्याकडे, स्पेशल डिस्काउंट देऊ."

सभागृह हसलं. लोक काही दुष्ट नव्हते, परीक्षक हसले म्हणून हसले. माझं तोंड जसं होतं तसंच राहिलं, हसरं. आठी नाही, काही नाही.

आणि शिट्टी वाजली.

लांबलचक. सभागृहात असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. तिसऱ्या रांगेत बाई उभ्या होत्या. सुरुवात त्यांनी शुद्ध मराठीत केली. "ओ परीक्षक, उभे राहा. तुम्हाला उत्तराला गुण द्यायला बसवलंय की दुकान लावायला?" सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "आजी, प्लीज बसून घ्या." आजी हा शब्द बाईंना बहुधा ऐकूच गेला नाही. दोन स्वयंसेवक धावले. बाई रांगेतून बाहेर येऊन स्टेजच्या दिशेने निघाल्या, गुडघे दुखत असताना, आणि त्यांची शुद्ध मराठी वाटेतच गळून पडून गावची मालवणी सुरू झाली. "माझ्या चेडवाक नाव ठेवतंस? तुका डोळे आसत काय? इतक्या सुंदर बाईक तू टोन शिकवतंस? आधी तुझां तोंड आरशात बघ, मेल्या, मगे बोल." चेडू म्हणजे मुलगी, आणि ती मी. पुढचं लिहिण्यासारखं नाही. माझा नवरा त्यांची पर्स धरून मागे उभा होता, त्यांना अडवावं की पर्स सांभाळावी हे न कळून.

मी स्टेजवर तशीच हसत उभी. मनात मात्र एकच: बाई, आता पाणी प्या. बाई, आता बसा. बाई, गप्प राहा. प्लास्टर पुढ्यात आदळलं तेव्हाही न हललेली ही बाई, महिनोन्‌महिने मला मौन शिकवणारी बाई, आणि तिला फुटायला नेमकी हीच दुपार मिळावी?

शेवटच्या पाचांची नावं वाचली, त्यात माझं नव्हतं. आयोजक बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गुणांवर होतीस तू पाचांत, पण तुमच्या माणसांनी प्रायोजकांचा अपमान केला, आमचाही नाइलाज आहे. घोडपदेवची मुलगी दुसरी आली आणि मला मिठी मारून रडली.

बाहेर फुटपाथवर बाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. नवरा टॅक्सी बघायला गेला. मी नऊवारी आणि नथ अशा थाटात त्यांच्यासमोर उभी राहिले आणि इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर काढलं. "बाई, मी पाचांत होते. ऐकताय? पाचांत होते मी. मला काही झालं नव्हतं, मी नीट उभी होते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं उठायला? शांत राहा, शांत राहा म्हणून माझा जीव खाल्लात, आणि शेवटी तुम्हीच सगळं घालवलंत."

"घालवलं खरं," बाई म्हणाल्या. मान खाली होती. मग म्हणाल्या, "तू हसत उभी होतीस ना, ते बघवलं नाही गो माझ्याने."

माझगावच्या आमच्या खोलीत त्या पाच वर्षांत जे जे माझ्या रंगाबद्दल बोलून गेले, त्या प्रत्येकाला आईने आणखी पोहे वाढले होते. ज्या आत्याने माझा हात उजेडात धरला, तिला बाबा बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले होते. दोघं चांगली माणसं, माझ्यावर जीव असलेली. पाहुणे आहेत, आपली मुलीची बाजू, म्हणून हसून घ्यायची. आणि आत येऊन मला सांगायची, तू हसतमुख राहा. माझ्यासाठी कुणी रागावू शकतं, हे मला छत्तिसाव्या वर्षी, दादरच्या फुटपाथवर कळत होतं. रडू आलं ते मुकुटासाठी नव्हतं.

नवऱ्याने लांबून हात केला, टॅक्सी मिळाली होती. बाई उठायला लागल्या. मी त्यांना पुन्हा पायरीवर बसवलं आणि शेजारी बसले.

"बाई," मी म्हटलं, "काय म्हणालात तुम्ही त्याला? मला वरून नीट ऐकू आलं नाही."

नीट ऐकू आलं होतं, सगळ्या सभागृहाला आलं होतं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला, आणि पहिल्या शब्दापासून सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. 'इतक्या सुंदर बाईक' इथे आल्यावर मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, हे परत एकदा.